इदवालनी पसंत केलेला लाल टॉर्च

३ मार्च

पोचले. फाट्यावर मेंढ्यांचे धनी इदवाल जुनी जीप घेऊन उभे होते, मागे दोन कुत्री आणि चाऱ्याची पोती. माझ्या बॅगा त्यांनी उचलल्या, रायफलीला मात्र हात लावला नाही. परक्याच्या हत्याराला हात लावू नये हे कळणारा माणूस मला तिथेच आवडला. वाटेत म्हणाले, कोल्हे मारायला बाई येणार म्हटल्यावर गावातले हसले. मी म्हटलं, चाप कुणी ओढला हे कोल्ह्याला कुठे कळतं?

त्यांच्या पत्नी नेस्टा यांनी मटणाचं सूप आणि मनुकांचा ब्रेड समोर ठेवला, आणि तिसऱ्यांदा वाढताना विचारलंसुद्धा नाही. मेंढ्या विण्याचा हंगाम तोंडावर आहे. तो संपेपर्यंत कोकरं राखायची, एवढंच काम. राहायला टेकडीच्या कुशीतलं दोन खोल्यांचं घर. हंगाम नीट गेला तर हे घर कायमचं तुझं, टेगवेन पोरी, असं इदवाल म्हणाले.

आमची कसायची जमीन मालकाने काढून घेऊन तिथे लाकडासाठी झाडं लावली, तेव्हापासून मी लोकांच्या खोल्यांत राहते आहे. जमिनीत आयुष्य घालणाऱ्याला छप्पर मागावं लागतं ही लाज त्याची नव्हे, मालकाची आहे. हे मी भर बाजारात बोलले आहे आणि पुन्हा बोलेन. पण आज रात्री भांडायला कुणी नाही. खिडकीतून टेकडी दिसते. मला इथे राहायचं आहे.

६ मार्च

रायफलीवर बसवायला टॉर्च घ्यायचा म्हणून इदवालबरोबर बाजारगावात गेले. बंदुकांचं दुकान हाउएल नावाच्या बडबड्या गृहस्थाचं.

माझी मतं पक्की आहेत. शोधायला हातातला दिवा, मारायला रायफलीवरचा. रायफलीवरच्या दिव्याने जो शोधाशोध करतो, तो जे जे पाहतो त्यावर बंदूक रोखतो. मग ती शेजाऱ्याची गाय असो की शेजारी. असा माणूस शिकारी नव्हे, धोका आहे. झोत अरुंद हवा, वजन कमी हवं, बटण वायरीवरचं हवं, म्हणजे पकड न सोडता अंगठ्याने दाबता येतं. इथवर हाउएलशी माझं जमलं.

रंगावर अडलं. मला पांढरा हवा होता. लाल उजेडाला जनावर बुजत नाही हे खरं, पण लाल उजेडात लाल आणि पांढरं एकसारखं दिसतं. मेंढीच्या पाठीवरची लाल खूणसुद्धा पुसली जाते. जे खोटं दाखवतं त्याच्या भरवशावर मी चाप ओढत नाही. इदवाल शांतपणे म्हणाले, आमच्या टेकडीवर लालच चालतो. आणि पैसे तेच देणार होते, टॉर्च ही त्यांची भेट. याचा दिवाच लाल. काच काढून तो पांढरा होत नाही. हातातल्या माझ्या जुन्या पांढऱ्या दिव्यावरही त्यांनी लाल कागद बसवून दिला.

हाउएलने खोकं बांधताना टोमणा मारला, काय इदवाल, टॉर्च भाजून खाता की काय, दर वसंतात एक लाल लागतोच तुम्हाला. इदवाल हसले. मीही हसले.

९ मार्च

काल पहिली रात्र. वरच्या दगडी मेंढवाड्याचा कोपरा ही माझी जागा, इदवालनी नेमून दिलेली. रोज तिथेच, अंधार पडला की लगेच दिवा लावायचा. डोळे चमकले म्हणून गोळी सोडायची नाही. खांदा, पाय, सगळं अंग दिसेपर्यंत थांबायचं. हे तर मीच चार नवशिक्यांना शिकवलेलं.

एक कोल्हा मिळाला. एकच गोळी.

एक गोष्ट कळली नाही. वरच्या कुरणात मेंढीच नाही. सगळा कळप खाली घराजवळ आणलाय. मग पहारा वर कशाला? इदवाल म्हणाले, कोल्हे वरूनच उतरतात. पटलं.

१३ मार्च

कोल्हे नाहीत. विष्ठा नाही, पावलं नाहीत. एकदा दिव्यात गोळी चुकलेलं जनावर पुढे दिव्याला भितं, पळतं. काल जे आलं ते दिव्याकडे आलं.

दोन डोळे, भिंतीच्या उंचीवर. कोल्हा चालला की डोळे वरखाली होतात. हे होत नव्हते. दिवा बंद केला की गवतातला आवाज थांबे. लावला की पुन्हा सुरू. मी नियमाप्रमाणे अंग दिसायची वाट पाहत राहिले. शेवटी दिसलं पांढरं, गुबगुबीत. मेंढी. हसू आलं आणि परत आले.

सकाळी इदवालना सांगितलं. म्हणाले, चुकार असेल एखादी. मी म्हटलं, मोजून घ्या ना. म्हणाले, तू कोल्हे बघ, पोरी, मेंढ्या मी बघतो.

१७ मार्च

दिवसाउजेडी मेंढवाड्याच्या कोपऱ्यात गेले. काटेरी झुडपात लोखंडी कड्या सापडल्या. रायफलीच्या नळीवर टॉर्च धरायच्या कड्या. गंजलेल्या, कमी गंजलेल्या, आणि एक जोडी जवळजवळ नवी.

खाली आले तर इदवाल अंगणात दाण्याची बादली खुळखुळवत होते, आणि साऱ्या मेंढ्या त्यांच्याकडे जीव तोडून धावत होत्या. अक्कल नसते गं त्यांना, म्हणाले, पण तीच जागा, तीच वेळ, तोच आवाज, मग शिकतात.

मी कड्यांचं विचारलं. आधीचे लोक निष्काळजी होते, म्हणाले. नेस्टांनी माझ्या बशीत ब्रेडचा आणखी एक तुकडा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. ठेवायचा होता. हे घर मला हवं होतं.

१८ मार्च, रात्र

हातातल्या दिव्यावरचा लाल कागद फाडला.

ते जवळ होतं. वीसेक पावलांवर. पांढऱ्या उजेडात पांढरं नव्हतंच. लाल. नखशिखांत ओलं लाल. अंगावर कातडीच नाही. लोकर म्हणून जे दिसत होतं ते —

पांढऱ्यात थांबलं. पुढे आलं नाही. म्हणजे याला पांढरा ओळखीचा नाही. लालच ओळखीचा. लाल दिवा लागला की मागे माणूस असतो.

लाल दिवा म्हणजे इदवालची बादली.

मारायला दोन हात लागतात. दोन हातांत रायफल घेतली की पांढरा खाली ठेवावा लागतो. रायफलीवर लाल. लाल लावला की ते येतं. त्यांनी विचार करून निवडलाय. दुकानात माझ्याशेजारी उभे राहून.

तरी दोन गोळ्या घातल्या. खांद्यात. लागल्या. तेवढ्यात ते आणखी जवळ आलं.

पांढरा त्याच्यावर धरून उलटी चालत उतरले.

तीच रात्र

इदवालच्या दाराला आतून अडसर. खूप ठोकलं. नेस्टा आतून बोलल्या, हळू आवाजात, झोपलेल्या मुलाला उठवू नये तसं. म्हणाल्या, आमची कोकरं लहान आहेत गं. तूही मेंढपाळाची लेक, तुला समजेल. त्याला एक माणूस दिला की वर्षभर ते खाली येत नाही.

मी विचारलं, सूप वाढताना ठाऊक होतं?

म्हणाल्या, उपाशी कशी पाठवू.

जमीन काढून घेणारा मालक तरी तोंडावर वैरी होता. यांनी मला लेक म्हटलं.

जीप नाही. फाटा लांब. पांढरा पिवळा पडत चाललाय.

मी घरात आहे. माझ्या घरात —

नंतर

खिडकी लाल झाली.

दुसरीही.

इदवाल बाहेर आहेत. छपराच्या कडेला दिवे टांगताहेत, एकेक, घाई नाही. काच फोडून हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही. दिवा सरळ टांगला का तेवढं पाहिलं.

गोळ्या तीन. नेम त्यांच्यावर धरला. माझा लाल त्यांच्या पाठीवर पडला आणि टेकडीवर गवत —

बंद केला.

दिवे लावून झाले. कंदील घेऊन परत चाललेत. फाटकाशी नेस्टा उभ्या आहेत, शाल आणलीय त्यांच्यासाठी. त्या विचारतात, ऐकू येतंय मला, टेगवेन, कडी काढून ठेवशील का, बाळा? दार मोडलं की दर वर्षी नवं बसवायला लागतं.

काढणार नाही. बसवू देत नवं.

गवत थांबलं. पायरीशी आहे. दार हलत नाही, नुसतं ओलं होतंय, खालून, फटीतून, ला —