मेजूच्या मैदानाबाबत खुलासा

सोल, मंगळवार सकाळ

तीर्थरूप ओकबुनताई,

आपल्या गावाकडे तोंड करून, दोन्ही गुडघे टेकून धाकट्या दोकसूचा नमस्कार. (गुडघे टेकताना तुझ्या गुडघ्याची आठवण झाली.) नवा गुडघा काय म्हणतो? पायऱ्या चढू देतो का? डॉक्टरांनी दिलेला व्यायाम तू करत नसणार, हे मला इथे बसून दिसतंय. तू पाठवलेली रताळी पोचली, किमचीही पोचली. किमचीचा वास माझ्या आधी शेजाऱ्यांना पोचला. मी बरा आहे. तुझा मेजू माझ्यापेक्षा बरा आहे. येत्या वीस तारखेला तू त्याला न्यायला येणार, त्याआधी मैदानाच्या बाबतीत जे काही घडलं ते माझ्याच तोंडून तुझ्या कानावर गेलेलं बरं, म्हणून हे पत्र. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतेस.

मार्चात त्याला माझ्या दारात सोडून इस्पितळात भरती व्हायला निघालीस, तेव्हा तू एकच बजावलंस, "दोकसू, याला रोज तासभर मोकळा पळू दे. एखादं चांगलंसं मैदान बघ." तिकडे ठीक आहे, कोबीचं अख्खं शेत त्याच्या बापाचं आहे. इथे साखळी सोडायची तर कुंपण घातलेलं कुत्र्यांचं मैदानच गाठावं लागतं, आणि अशी मैदानं शहरभर आहेत. मी चौतीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस. वही केली, पाच रकाने आखले : कुंपण, सावली, पाणी, बाक, घरापासूनचं अंतर. (सहावा रकाना नंतर वाढला. त्याबद्दल पुढे.)

पहिलं मैदान नदीकाठचं. तिथे फाटकावर मोजपट्टी लावलेली आहे. खांद्यापर्यंत चाळीस सेंटिमीटरच्या आतली कुत्री लहानांच्या भागात, वरची मोठ्यांच्या. मेजू भरला एक्केचाळीस. (एरवी पोक काढून चालतो, मोजपट्टी दिसली की सैन्यात भरती व्हायला आल्यासारखा ताठ.) मोठ्यांच्या भागात गेलो, तर तुबू नावाचं एक अस्वलाएवढं कुत्रं आलं आणि मेजूवर बसलं. चावलं नाही, भुंकलं नाही, नुसतं बसलं. त्याचे बाबा (मैदानात कुत्र्यांच्या मालकांना आई-बाबाच म्हणतात) लांबून म्हणाले, "आमचा तुबू फार प्रेमळ आहे हो. कुणी आवडलं की बसतो." दहा मिनिटं बसला. दुसऱ्या दिवशी मी मेजूचे खांद्यावरचे केस बारीक करून आणले आणि त्याला साडेएकोणचाळीसवर आणून लहानांच्या भागात नेलं. तिथल्या अकराच्या अकरा कुत्र्यांनी आपापल्या आईच्या मांडीवर उडी घेतली, आणि त्या सगळ्या आयांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी वहीत लिहिलेलं नाही.

दुसऱ्या मैदानात उंचीऐवजी वजन बघतात, मर्यादा दहा किलो. मेजू न्याहारीआधी नऊ किलो आठशे आणि न्याहारीनंतर दहा किलो दोनशे. म्हणून उपाशी नेला. आत जाताच त्याने कुणाच्या तरी डब्यातल्या किंबापच्या दोन भातसुरळ्या उचलल्या, आणि एका बसक्या नाकाच्या कुत्र्याच्या बाबांनी "आता पुन्हा वजन करा!" असा आग्रह धरला. केलं. आम्हाला बाहेर काढलं. तिसरं ठिकाण म्हणजे एका इमारतीच्या गच्चीवरचं कॉफीचं दुकान. तिथे कुत्री मोकळी सोडतात आणि माणसांनी बूट काढायचे असतात. त्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस होता. मेजूलाही कागदी मुकुट घातला. तू सोयाबीनच्या मेजू-वड्या आंबवायला आढ्याला टांगतेस, त्या वडीसारखा चौकोनी आणि तपकिरी म्हणून तू ज्याचं नाव मेजू ठेवलंस, तो मुकुट घालून माझ्याकडे बघत होता. मी पुन्हा तिकडे गेलो नाही.

चौथं मैदान आमच्या वस्तीमागच्या टेकडीच्या उतारावर. वहीप्रमाणे सर्वांत वाईट. कुंपण गंजलेलं, सावली नाही, नळ गळका, बाक एकच. उतार असा की चेंडू आपला आपण खाली जातो आणि कुत्री नुसती बघत बसतात. तिथे आम्ही गेले सात आठवडे रोज जातो.

तिथलं नाव-नोंदणीचं काम गोगुमाची आई बघते. (गोगुमा हा तिचा कुत्रा. तिथे माणसांना नावं नसतात. मी मेजूचे बाबा.) महिन्याभराने तिने अर्ज पुढे केला. त्यात कुत्र्याचं नाव, मग एक चौकट बाबांची, एक आईची. चौतीस वर्षांत मी एकही चौकट कोरी सोडलेली नाही. मेजूला लहानाचा मोठा तू केलास, फोनवर त्याच्याशी बोलताना स्वतःला आई तूच म्हणवतेस. मी लिहिलं : बाबा, योम दोकसू. आई, योम ओकबुन. गोगुमाच्या आईने अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि हळूच विचारलं, "दोघंही योम? एकाच घराण्यातले?" मी अभिमानाने सांगितलं, "अगदी एकाच." तिने तोंडावर हात ठेवला.

अर्जानंतर तिसऱ्या दिवशी सगळ्या मैदानाला माहीत झालं, की ज्या काळी कायद्यानेच सगोत्र लग्नाला बंदी होती, त्या काळी तू आणि मी घरच्यांच्या विरोधात जाऊन लग्न केलं. (बायका लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावतात, तेव्हा नवरा-बायको दोघंही योम म्हणजे सगोत्रच, हा त्यांचा हिशेब.) तरणी पोरं मला वाकून नमस्कार करायला लागली. एकाने हात हातात घेऊन विचारलं, "काका, मानलं तुम्हाला! पण तुमची गाठ पडली तरी कुठे?" मला प्रश्नाचा रोख कळला नाही. मी खरं तेच सांगितलं, की आम्ही लहानपणापासून एकाच घरात वाढलो. त्याने प्रकरण आणखी रंगलं. खरा घोळ माझ्या ध्यानात आला पाचव्या दिवशी, पण तोवर तुझ्या गुडघ्यासाठी समुद्री शिंपल्यांचं खिमट आलं होतं, मोठा डबा भरून. परत करणं बरं दिसलं नसतं. मी खाल्लं. उत्तम झालं होतं. आणि खाल्ल्यावर खुलासा करायला तोंड उरलं नाही.

आता सहावा रकाना. त्या एकुलत्या एका बाकावर जेलीची आई बसते. जेली चौदा वर्षांची, एका डोळ्याने अधू, बाबागाडीतून येते आणि बाबागाडीतूनच जाते. पहिल्या दिवशी जेलीच्या आईने गाडी बाजूला सरकवून मला जागा दिली. दुसऱ्या दिवशी तिच्या डब्यात नासपतीच्या फोडी होत्या आणि काटे दोन होते. तिचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. आमच्या घरातली गेली, त्याला सहा झाली, हे तुला सांगायला नको. आम्ही फारसं बोलत नसू. ती म्हणायची, "आज वारा आहे." मी म्हणायचो, "आहे खरा." अर्जाची बातमी तिच्यापर्यंत गेली आणि दुसरा काटा बंद झाला. आता ती बाकाच्या त्या टोकाला बसते, मध्ये जेलीची गाडी. परवा म्हणाली, "तुमच्या घरच्यांचा गुडघा लवकर बरा होऊ दे. नशीबवान आहेत हो त्या." ताई, मला फार वाईट वाटलं. सहा वर्षांत इतकं वाटलं नव्हतं.

तेव्हा वीस तारखेला बसमधून उतरलीस की घरी न येता सरळ मैदानावर ये. तू माझी थोरली बहीण आहेस हे सर्वांसमक्ष सिद्ध व्हायला हवं. आपली नाकं सारखी आहेत, पण त्याचा उपयोग नाही. गोगुमाची आई म्हणते, वर्षानुवर्षं एकत्र राहून जोडप्यांची तोंडं सारखी होतात. वंशावळीचं बाड उचलून आणू नकोस, त्यात मुलींची नावंच घातलेली नाहीत. त्यापेक्षा लहानपणी धरायचीस तसा माझा कान धर आणि जरा पीळ. बायको नवऱ्याला बोलेल, पण चारचौघांत असा कान थोरली बहीणच धरते. डावा धर, बाकाच्या त्या टोकावरून तोच दिसतो.

बाकी सर्व ठीक. गुडघा जप, रताळ्याची पोती स्वतः उचलू नकोस.

तुझा,
दोकसू

ता. क. येताना मेजूची साखळी आणू नकोस. नवा गुडघा आणि साखळी ओढणारा कुत्रा, हे डॉक्टरांना विचारलंस तरी ते नकोच म्हणतील. त्याला माझ्याकडेच राहू दे. दर महिन्याला मी त्याला घेऊन येईन, कोबीच्या लावणीला दोघंही राबू.

ता. क. गुडघ्याचं कारण खरं नाही. मैदानाच्या फाटकावर पाटी आहे, "कुत्रा सोबत नसल्यास माणसांना प्रवेश नाही."

ता. क. कान सोडलास की तिच्या शेजारी बस आणि तिचं नाव विचार. सात आठवडे झाले, मला अजून माहीत नाही. तू वयाने मोठी आहेस, तुला विचारता येतं.