दादाच्या कपाळावरचा टिळा

अण्णा, काल मी दादाची तसबीर भिंतीवरून उतरवली. तुम्ही ठोकलेला खिळासुद्धा उपटून काढला. ओरडायला तुम्ही नाही म्हणून नव्हे, असतात तरी उपटला असता. हरवलेल्या माणसांच्या जुन्या केसेस पोलिसांनी परत काढल्यात, त्यांना फोटो हवा होता. आपल्याकडे दादाचा होता तो एकच.

आठवतो ना? तोच, जो पिशवीत घालून आई दर मंगळवारी लांज्याला जायची. मांडवीच्या जेटीवर तुम्ही चारचौघांत दादाच्या थोबाडीत दिलीत आणि तो चालता झाला, तो शेवटचा कुणाला दिसला तर लांज्याच्या स्टँडवर, चहा पिताना. म्हणून ती तिथे जाऊन ड्रायव्हर-कंडक्टरांसमोर फोटो धरायची. "ह्या पोराला बगितलंत काय हो?" तुम्ही झोपाळ्यावर बसून म्हणायचात, "भूक लागली की येईल घरी." अहो, बारा वर्षांत एकदा तरी तिच्याबरोबर जायचं होतं! पाय मोडले होते का तुमचे?

बारा वर्षं झाली आणि माझं लग्न ठरत होतं. पाहुणे विचारत, तुमचा मुलगा कुठे असतो? तुम्हाला उत्तर देता येईना. मग तुम्ही भटजींना बोलावून दर्भाचा दादा करवलात आणि तो जाळलात. माझं नाव पुढे करून, मला न विचारता. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आई बाजूला उभी, कोरड्या डोळ्यांनी. म्हणाली, "माजा झील जिता हाय, कावळा कशाला शिवंल?" तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. "भटजी, दर्भाचाच कावळा करून शिवून घ्या, उन्हं चढली." मुलगा गवताचा, कावळाही गवताचा. तुमचं काम झालं.

घरी येऊन आईच्या पिशवीतून तुम्ही फोटो काढलात, त्याच्या कपाळावर अष्टगंधाचा टिळा ओढलात, वर काच बसवून हार घातलात. आई मागत होती तर म्हणालात, क्रियेचा फोटो उंबऱ्याबाहेर नेत नाहीत. पुढच्या मंगळवारी ती रिकाम्या हाताने लांज्याला गेली. लोकांना काय दाखवणार? संध्याकाळी परतली आणि पुन्हा कधी गेली नाही. त्या दिवसापासून तुमचं-माझं बोलणं कामापुरतं उरलं, ते तुम्ही जाईपर्यंत. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

काल पोलीस ठाण्यात हवालदाराने फोटो उजेडात धरला. तो हवालदार पोरगा बरा होता बिचारा. म्हणाला, "ताई, कपाळावर ही खूण आहे ती जन्माची का? लिहून घेतो, ओळख पटवायला बरी."

"जन्माची नाही," मी म्हटलं. "बापाने केलेली आहे."

त्याने लिहिलेलं खोडलं. मग विचारलं, "बरं, ती सोडून चेहऱ्यावर दुसरं काही? तीळ, व्रण?" मी त्याच्या हातातून फोटो घेतला आणि तीळ शोधायला लागले.

हे पत्र कुठे पाठवायचं आहे म्हणा! चुलीत जाईल. पण तुम्हाला म्हणून सांगते, अण्णा. रात्रभर डोळे मिटून बघितलं. दादा येतो, पण तुमचा टिळा लावूनच येतो. त्याच्याशिवायचा त्याचा चेहरा मला आठवत नाही.