हसलं की दूध वर येतं

ती. वन्संना नमस्कार,

तुमची कंबर आता कशी आहे? इकडे तुमचे भाऊ मजेत आहेत. मी काम सांगितलं की त्यांना ऐकू येत नाही, एरवी कान उत्तम. तुम्ही तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढलीत, म्हणून हे तुम्हालाच लिहितेय. दुसरं कुणी मलाच वेड्यात काढेल.

आमच्या विशेष शाळेत माझ्या वर्गात एक चिमणी आहे. नऊ वर्षांची, चाकाच्या खुर्चीत बसते, बोलत नाही आणि पोटात बसवलेल्या नळीतून दूध घेते. नर्स तीन शाळांत मिळून एकच, ती मंगळवारी उगवते. म्हणून तिने हे काम आम्हा दोघांना शिकवलं, मला आणि शेजारच्या वर्गाच्या सरांना (त्यांना आम्ही पाढेसर म्हणतो, कारण ते 'नमस्कार'सुद्धा सतराच्या पाढ्यासारखा म्हणतात). नळीला सिरिंज लावायची, दूध ओतायचं, हात उंच धरायचा, दूध आपोआप उतरतं. मी पहिल्याच खेपेला पास झाले, सर दुसऱ्या. (हे मी कुठे बोलत नाही. फक्त स्टाफरूममध्ये बोलले.)

पण वन्सं, माझं तोंड! हात वर धरून गप्प उभं राहणं मला कुठलं जमायला? मी कंडक्टरसारखं दुधाला म्हटलं, "चला, पुढे सरका," आणि चिमणी हसली. हसलं की पोट आवळतं, आणि पोट आवळलं की दूध नळीतून उलटं वर येतं. ते सिरिंजच्या काठावरून सांडून माझ्या बाहीत गेलं. त्यावर ती आणखी हसली. दुसऱ्या दिवशी मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले, तर तो चेहरा बघूनच तिला हसू फुटलं. तिसऱ्या दिवशी निम्मं दूध फरशीवर. मग तिच्या आईने शाळेच्या कागदावर या कामासाठी सरांचं नाव लिहिलं.

आता रोज साडेबाराला सर खांबासारखे उभे राहतात आणि दूध मुकाट उतरतं. मला व्हरांड्यात पाठवतात, कारण मी खिडकीत दिसले तरी दूध चढतं. जळफळाट होतो माझा, खोटं कशाला बोलू! चार वर्षं तिचं नाक मी पुसलं, फिटचा झटका आला की घड्याळ धरून मी बसले, आणि जेवू घालायचा मान कुणाला, तर ज्यांना स्वतःच्या वाढदिवशीही हसू येत नाही त्यांना. परवा तिची आई म्हणाली, "सरांच्या हातून तिचं वजन वाढलं हो." मी "वा" म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

बाकी ठीक. घरी सगळ्यांना नमस्कार.

तुमची धाकटी भावजय

ता. क. खरं काम राहिलंच. गुरुवारी सर रजेवर आहेत, दूध मी देणार. तुम्ही येऊन नुसत्या माझ्या शेजारी उभ्या राहाल का? आमच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत तुमचा जो चेहरा आहे, तेवढा घेऊन या. तो बघून कुणाची हसायची छाती होणार नाही. (राग मानू नका. मानलात तर गुरुवारपर्यंत टिकवा.)

ता. क. दुसरा. चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितेय. चिमणी चित्रांच्या पाटीवर नजर लावून हवं ते मागते. आज दूध लावण्याआधी तिने 'जेवण' नाही, पाटीवरच्या माझ्या फोटोवर नजर लावून मला मागितलं. सरांनी सिरिंज खाली ठेवली, दार उघडलं आणि म्हणाले, "बाई, आधी तुमचं हसणं उरकून घ्या, मग मी दूध देतो." आम्ही दहा मिनिटं उरकलं. म्हणजे जेवणाच्याही आधी ती मला मागते, सरांना नाही. हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. दोनदा.