त्या दुपारचं नेटवर्क

बुधवार, १९ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

बावन्न वर्षांच्या, दारातून वाकून आत येणाऱ्या माणसाला टिल्लू म्हणणारी आता मी एकटीच उरले आहे, तेव्हा चालवून घे. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. तुझ्या लेकीचा निकाल कळला, तिला शाबासकी सांग. आत्याला फोन करायला वेळ मिळत नसेल तरी आत्या रागावलेली नाही, हेही सांग.

फोन असताना ही बाई कागद का काळे करते आहे, असं तुला वाटेल. त्याचं कारण पुढे येईलच. आधी बातमी सांगते. घरातलं नेट दुरुस्त झालं.

बाबांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी तुझा मेसेज आला होता. ‘बाबांच्या खोलीतला तो दुसरा राउटर मी फोनवरून घाईघाईत तुला जोडायला लावला. तिथेच चुकलं. नाहीतर त्या दुपारी कॉल तुटला नसता. डोक्यातून जात नाही ताई.’ मी उत्तर म्हणून हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल घेतलं आणि हॉलमधल्या राउटरखाली जाऊन उभी राहिले.

हिला यातलं काय कळतं, असं म्हणू नकोस. पस्तीस वर्षं लोकांचं रक्त तपासण्यात गेली माझी. मशीनचे आकडे भलतेच यायला लागले की आमच्याकडे एकच रीत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. तशी वही केली. हॉलमध्ये फोन झकास चालायचा. बाबांच्या खोलीत गेलं की पट्ट्या सगळ्या दिसायच्या, पण चित्र गोठायचं. टॅबलेट सुरू केला की फोनचं नेट जायचं. खोलीतला राउटर बंद केला तर हॉलमध्ये बरं चालायचं, पण खोलीपर्यंत काही पोचायचं नाही. आणि मध्येच कधीतरी, कशाला हात न लावता, दोन-दोन दिवस सगळं सुरळीत. असं दुखणं पेशंटचंही नको वाटायचं मला.

कंपनीत फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, “मॅडम, एकदा बंद करून परत चालू करा.” तीन दिवस तिचं तेच चाललं होतं. चौथ्या दिवशी तिने तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, “केलं, बाळ.” मग त्यांनी नेटवाला पाठवला.

पंचेचाळिशीचा असेल. कमरेला पट्टा बांधलेला, बोलणं सावकाश. त्याने आधी माझी वही वाचली.

“हे कोणी लिहिलं, मॅडम?”

“मी.”

“आमच्याकडे रुजू होताय का? निम्म्या लोकांना घालवून तुम्हाला घेतील.”

मला हसू आलं. घरात हसायचा आवाज इतका मोठा होतो हे विसरलेच होते.

लॅपटॉप लावून तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, “तुमच्या घरात दोन कारभारी झालेत. प्रत्येक फोनला, टॅबलेटला घरातल्या घरात एक पत्ता लागतो, तो राउटर देतो. इथे दोघंही पत्ते वाटतायत आणि एकाला दुसऱ्याची खबर नाही. एकाने फोनला दिलेला पत्ता दुसऱ्याने टॅबलेटला दिलाय. वर त्या दोघांचा स्वतःचा पत्तासुद्धा एकच.”

त्याने खोलीतल्या राउटरचा पत्ता बदलला आणि वाटपाचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. शिवाय दोघं एकाच चॅनेलवर होते, म्हणजे एकाच खोलीत दोघांनी एकदम बोलावं तसं. तेही वेगळे केले. चहाला थांबा म्हटलं तर म्हणाला, अजून सहा घरं आहेत. जिन्यावरची त्याची पावलं तळमजल्यापर्यंत ऐकली मी.

संध्याकाळी बाबांच्या खोलीत चित्र परत गोठलं.

पूर्वी असतं तर कपाळाला हात लावला असता. पण आता दोन दोष गेले होते, म्हणून तिसरा उघडा पडला. बदलायची राहिलेली गोष्ट एकच होती, दोन्ही राउटरना जोडणारी वायर. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याखाली उशी घेऊन हॉलपासून ती बोटांनी चाचपत गेले. बाबांचा भाड्याचा पलंग जिथे होता, तिथे भिंतीलगत वायर पार चपटी झाली होती. चाकाखाली आली होती. त्यांना कुशीवर वळवायला दिवसातून चारदा मी तो पलंग ओढायची आणि परत लोटायची. वायर मीच चिरडली होती. दुकानातून नवी आणली आणि बसवली.

मग तपासून बघायचं होतं. कोणाला व्हिडिओ कॉल लावावा ते सुचेना. शेवटी टॅबलेट हॉलमधल्या टेबलावर ठेवला आणि बाबांच्या खोलीत जाऊन फोनवरून स्वतःलाच कॉल केला. वीस मिनिटं चालू ठेवला. समोर माझी रिकामी खुर्ची दिसत होती, मागे खिडकीचा पडदा हलत होता. एकदाही अडकलं नाही. वहीत ‘ठीक’ लिहिलं आणि पलंगाच्या जागी खाली बसले, ती दुपार होईपर्यंत.

टिल्लू, पत्र इथे संपवता आलं असतं. दोन दोष तुझ्या जोडणीतले, एक माझ्या पलंगाचा, निम्मं-निम्मं वाटून घेऊ, विषय संपला. यातलं काहीच खोटं नाही. बाकी दिवशी कॉल तुटायचे ते त्यामुळेच.

पण त्या दुपारी नेट चांगलं चाललं होतं.

तू ऑफिसच्या जिन्यात उभा होतास, गळ्यात ओळखपत्र होतं. म्हणत होतास, “बाबा, शुक्रवारी येतोय. तिकीट काढलंय.” मी फोन उशीजवळ आडवा धरला होता. “ताई, नुसतं छत दिसतंय, बाबांकडे धर ना.”

नऊ दिवस त्यांनी माझ्या हाकेला डोळे उघडले नव्हते. मी चमच्याने पाणी पाजत होते, अंग पुसत होते, कानाशी तोंड नेऊन बाबा, बाबा म्हणत होते. तुझ्या आवाजावर त्यांनी डोळे उघडले. मान तुझ्याकडे वळवली आणि हसले. चांगले ओळखीचे हसले.

मी लाल बटण दाबलं. मग फोनच बंद केला.

मनात एवढंच होतं की दहा मिनिटं. दहा मिनिटं त्यांनी असं माझ्याकडे बघावं, मग तुला लावते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या हातातल्या फोनकडे बघत म्हणाले, “कुठे गेला तो?” मी म्हटलं, “नेट गेलं, बाबा.” हे खोटं आधी मी त्यांना सांगितलं, तुला नंतर.

ते त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले. अर्ध्या तासाने श्वास बदलला. तेव्हाही फोन चालू करता आला असता. मी त्यांचा हात धरून बसले.

फोनवर हे बोलणं जमलं नसतं. समोर तुझा चेहरा आला असता आणि बोट परत त्याच बटणावर गेलं असतं, इतकं मी स्वतःला ओळखते. वर्षभर तू त्या राउटरला दोष देत होतास आणि मी देऊ देत होते. माफ कर असं लिहिणार नाही, ते मागायचं तोंड नाही. पण बाबा शेवटी हसले ते तुझ्यासाठी हसले. ते तुला कळायला हवं होतं, आणि मी ते माझ्यापाशी दडवून ठेवलं. राउटर जोडताना तुझं चुकलं होतं, हे खरं. कॉल मात्र मी तोडला.

मुलांना आशीर्वाद. ‘तुझी’ हा शब्द खाली दोनदा लिहून खोडला आहे, तो राहू द्यायचा की नाही ते तू ठरव.

ताई