दिवाळी ते मे उघडे

११ मे, सोमवार

१. सकाळी रेंजसाठी वाडीवरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, गेले तेव्हा संस्थेच्या रत्नागिरी ऑफिसमधून मॅडमचा फोन. आमच्या कातकरीवाडीतले केंद्र ३१ मेला कायमचे बंद.
२. कारण दिले : समाजाचा प्रतिसाद नाही.
३. केंद्र दिवाळीनंतर उघडते, मेअखेर मिटते. पावसात रस्ता खचतो, स्टाफ येऊ शकत नाही, म्हणून तेवढे महिने सुट्टी.
४. वाडी दिवाळीनंतर घाटावर कोळशाच्या भट्टीवर जाते, मेअखेर परत येते. केंद्र उघडे असते तेव्हा वाडीत म्हातारी माणसे आणि कुत्री. वाडी भरते तेव्हा केंद्राला कुलूप.
५. गेल्या जुलैत संगीता, माझी मोठी बहीण, पोरीला कडेवर घेऊन केंद्राच्या दाराशी आली. कुलूप. मागून तिचा नवरा दिलीप आला. तिचे डावे मनगट केंद्राच्याच ओट्यावर मोडले.
६. संगीता यंदा ३१ मेच्या टेम्पोने परत येते. दिलीपसोबत.
७. केंद्राची चावी माझ्याकडे आहे. ती ३१ लाच परत करायची.

वरच्यात माझे मत कुठेही नाही.

१२ मे

मुद्दे ३ आणि ४ मॅडमना काल फोनवर सांगितले. नोव्हेंबरातही सांगितले होते, नोकरी लागली त्याच आठवड्यात. तेव्हा म्हणाल्या, "छान निरीक्षण आहे, सुप्रिया." काल म्हणाल्या, "आता या टप्प्यावर नको ना हे."

केंद्राच्या पाटीवर तीन शब्द आहेत : उभारी, संस्कृती, सुरक्षा. पहिल्या दोन्हींसाठी पुढची मोठी खोली. तिसऱ्यासाठी मागची लहान. खाट, दिवा, दाराला आतून दोन कड्या. वाडीत आतून बंद होणारे एवढे एकच दार. बाकी सगळी कुडाची घरे. आमच्या घराच्या दाराची फळी आई गेल्यापासून नुसती टेकवलेली असते.

वायरिंग माझे. आत बटण, छपरावर भोंगा, बॅटरीवर चालतो. वाडीत रेंज नाही, फोनच्या भरवशावर कुणाला ठेवता येत नाही. अख्ख्या मोसमात भोंगा एकदा वाजला. उंदराने वायर कुरतडली होती. अहवालात आले, "आपत्कालीन प्रतिसाद : १."

मी कळवले, उंदीर होता.

"पण प्रतिसाद दिलाच ना आपण?"

१३ मे

काशीआजी केंद्रात पाणी प्यायला येते. शेजारीण, गुडघे गेल्यापासून भट्टीवर जात नाही. आज भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर बराच वेळ उभी. कॅलेंडर संस्थेचे. मे महिन्यावर नाचणाऱ्या बाया, डोक्याला पिसे, खाली "कातकरी पारंपरिक नृत्य".

"ही कुठली गो?"

माहीत नव्हते, आजही नाही. जानेवारीत फोटो काढायला माणूस आला तेव्हा वाडीत नाचण्यासारखे कुणी नव्हते. तो दुपारी निघून गेला. फोटो मात्र झाले.

आजी म्हणाली, "आमच्यात कोंबडी खातात. पिसं उकिरड्यावर टाकतात, डोक्याला नाय लावत."

मग मलाच : "तू शिकलेली ना? तू लावतेस काय?"

१४ मे

समुपदेशक बाई दर बुधवारी यायच्या, पुण्यात कोर्स केलेल्या. चांगल्या होत्या, हे लिहिले पाहिजे. सतरंजीवर गोल बसवायच्या. गोलात काशीआजी, आणखी दोन म्हाताऱ्या, एक ऐकू न येणारे आजोबा. "मनात साठलेलं बोला." तिघी चहाची वाट बघत. तिसऱ्या बुधवारी आजीला त्यांची दया आली. म्हणाली, "बाय, ज्यांना रडायचंय ती भट्टीवर गेलीत. पावसात ये. पुरंल तुला."

बाईंनी ते लिहून घेतले. अहवालात : "सहभागी मोकळे होण्यास वेळ घेतात."

१५ मे, शुक्रवार

रत्नागिरी. तवसाळपर्यंत एसटी, फेरीबोट, जयगडहून पुन्हा एसटी. एक पानाचा प्रस्ताव नेला : केंद्र जून ते दिवाळी उघडे, दिवाळी ते मे बंद. खर्च तोच. पावसाळ्यात मी वाडीतच राहते, रस्ता खचला तरी मला फरक पडत नाही.

मॅडमनी पूर्ण वाचले. त्या वाचतात, हा त्यांचा गुण.

"लॉजिक बरोबर आहे. पण देणगीदारांच्या भेटी जानेवारीत होतात. पावसात मी कुणाला नेऊ तिथे?"

"कुणाला न्यायची गरज नाही. ज्यांच्यासाठी आहे ते तिथेच असतात."

"तू फार टोकाचं बोलतेस."

चहा आला. मग लांज्याचे सांगितले. नवे केंद्र तिथे. हायवेलगत, गाडी थेट दारापर्यंत. मला टेक्निकल ऑफिसर करणार, कायम.

विचारले, त्या जागेजवळ कातकऱ्यांची घरे किती?

"मॅपिंग सुरू आहे."

निघताना खांद्यावर हात. "आमची सगळ्यात मोठी यशोगाथा तू आहेस, माहितेय ना?"

डिप्लोमा, इलेक्ट्रिकल, सरकारी हॉस्टेल, आईने खाडीत धरलेले खेकडे. संस्था वाडीत आली तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. हे तिथे बोलले नाही. बोलून काही...

लांज्याच्या नोकरीला नाही म्हटलेले नाही. हेही लिहून ठेवते.

१७ मे

पाटी का हवी ते स्वतःपुरते नीट मांडून बघितले.

गेल्या जुलैत मी पोलीस ठाण्यात फोन केला, हॉस्टेलवरून, बहिणीचे नाव सांगून. "घरगुती आहे. सकाळी बघू." सकाळी कुणी बघितले नाही.

नोव्हेंबरात केंद्राच्या नावाने केला, चाचणी म्हणून. "बोला मॅडम."

तोच नंबर, बहुधा आवाजही तोच. फरक फक्त पाटीचा. त्यामुळे पाटी उतरवून मी एकटीने खोली चालवायची, हा हिशेब बसत नाही. शिवाय इमारत ग्रामपंचायतीची. संस्था गेली की ते कुलूप लावणार. सरपंचांना विचारले, आम्हाला द्याल का? "बघू. अर्ज दे. पावसाळ्यानंतर मीटिंग लागेल."

पावसाळ्यानंतर.

१९ मे, मंगळवार

संगीताचा फोन. दुसऱ्याच्या मोबाइलवरून, भट्टीच्या वरच्या रस्त्यावर चढून. मी रेंजसाठी सड्यावर आले होते म्हणून लागला.

"सुपे, खोली हाय ना गो यंदा?"

"बोलणं चाललंय."

"कोणाशी?"

"मॅडमशी."

"मॅडमला मारतो काय नवरा?"

"मला काय माहीत."

"मग तिला कसं कळंल." हसली. तिला हसायला काहीही चालते.

मनगटाचे विचारले. "कोयता धरवत नाय. पोती शिवते." दिलीप? "हितं गप हाय. मुकादमाच्या डोळ्यापुढं असतो ना. काम सरलं की बघ."

म्हटले, भट्टीवरच थांब थोडे दिवस. म्हणाली, भट्टी विझली की झोपड्या मोडतात, ऱ्हाऊ कुठं? म्हटले, तालुक्याला खोली बघते, पोरीला घेऊन तिथे राहा.

यावर : "माझं गाव मी का सोडू गो? त्याला सांग सोडायला."

फोन ज्याचा होता तो मागून ओरडत होता. कापला.

२२ मे

रविवारी केंद्रात समारोपाचा कार्यक्रम. पाहुणे मुंबईहून. मला काम : माइक, स्पीकर आणि "दोन शब्द, तुझ्या भाषेत". कोणते दोन शब्द ते सांगितलेले नाही.

मॅडमचा निरोप, समाज जमवा. समाज घाटावर आहे. शेजारच्या गावातल्या बचत गटाच्या बाया टेम्पोने आणायचे ठरले. त्या कातकरी नाहीत. आमच्या वाडीचे पाणीसुद्धा त्या पीत नाहीत. बिसलेरीचा बॉक्स मागवला आहे.

२४ मे, रविवार

झाले.

बचत गटाच्या बाया पुढे, काशीआजी कडेला. माइक व्यवस्थित चालला. मी बोलले नाही. स्पीकरपाशी थांबावे लागेल असे सांगितले. खोटे होते.

पाहुण्यांत एक वयस्कर गृहस्थ, पांढरा शर्ट. मागची खोली बघायला एकटेच आले. कड्या लावून बघितल्या. विचारले, "इथले लोक कुठे आहेत?"

"भट्टीवर. ३१ ला येतील."

"मग आम्ही आज का आलो?"

एवढा वेळ हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तोवर मॅडम आल्या. "सर, नंतर पाऊस सुरू होतो, रस्ता अगदीच..." ते म्हणाले, "हो हो, बरोबर." मग विचारले, चहा बिनसाखरेचा मिळेल का.

मिळाला.

आभारप्रदर्शनात काशीआजी मधेच उठली. "जाताय तर खुर्च्या ठेवून जाणार काय?" सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "आजी किती गोड आहेत." आजी हसली नाही. तिच्या घरात बसायला काही नाही, आणि गुडघे वाकत नाहीत. ती खरेच विचारत होती.

खुर्च्या लांज्याला जाणार.

२६ मे

काही पुरुष घर शाकारायला आधी येतात, बायका मागून सामान घेऊन. दिलीप ३१ ला संगीतासोबत येईल असे धरले होते, तो आजच आला. आंघोळ केलेला, केस विंचरलेले. केंद्राच्या ओट्याखाली उभा राहिला, वर आला नाही.

"काय मेव्हणीबाय. मॅडम झालात म्हणे."

"काय काम आहे, भाओजी?"

"काम कसलं. विचारपूस." पाटीकडे बघत : "हे बंद व्हतंय म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"सगळी वाडी म्हणते."

वाडीत आत्ता सगळी मिळून सात-आठ माणसे. कुणी सांगितले ते शोधण्यात अर्थ नाही. मी म्हटले, अजून ठरायचे आहे. "ठरू दे की," म्हणाला. विडी ओट्यावर विझवून गेला.

माझा आवाज सरळ होता.

२८ मे, गुरुवार

सामान न्यायला ट्रक आला. सोबत संस्थेचा सुपरवायझर, नवा मुलगा, कुणाला ओळखत नाही. चढवायला माणसे हवी होती, त्याने वाडीत विचारले. जे होते ते आले. दिलीपही.

तर दिलीपने समुपदेशनाची सतरंजी नेली. खुर्च्या नेल्या. मागच्या खोलीतली खाट एकट्याने डोक्यावर घेतली. ताकद आहे. सुपरवायझर म्हणाला, "हा मामा कामाचा आहे."

मी सांगितले, हा कोण ते. त्याच्या तोंडावर कळले की त्याला खरेच वाईट वाटले. मग म्हणाला, "पण ताई, आता दुसरा माणूस कुठून आणू?"

शेवटी यादी बघून : "दाराच्या आतल्या कड्यापण काढायच्यात. नव्या आहेत, लांज्याला लागतील." दिलीप माझ्यासमोर येऊन उभा. हात पुढे.

"पाना दे."

पाना माझ्या बॅगेत. म्हटले, नाही.

"तुझ्या मॅडमनंच सांगितलंय."

"मग मॅडमनी मला सांगू दे."

"अगं, दोन कड्या त्या," सुपरवायझर म्हणाला, "त्यात काय मोठं?"

फोन लावायला रेंज नाही. ड्रायव्हरला शेवटची फेरीबोट गाठायची होती, हॉर्न देत राहिला. मी दाराच्या आत उभी होते. कुणी मला बाजूला केले नाही, एवढेच. ट्रक कड्यांशिवाय गेला. पाटीही राहिली, शिडी आधीच ट्रकमध्ये चढली होती म्हणून.

दिलीप जाताना, अगदी मवाळ आवाजात : "ऱ्हाऊ दे. मी काढीन मग."

२९ मे, शुक्रवार

सड्यावरून मॅडमना मेल पाठवला. प्रत इथे उतरते.

मॅडम,

काल सामान नेले. मागच्या खोलीच्या दाराच्या आतल्या कड्या मी काढू दिल्या नाहीत. त्या काढायला ज्या माणसाला सांगितले होते, तो माझ्या बहिणीचा नवरा आहे. तिचे मनगट त्याने तुमच्या कुलपासमोर मोडले. सुपरवायझरला दोष देत नाही, त्याला माहीत नव्हते. तुम्हाला मी नोव्हेंबरात सांगितले होते.

बहीण रविवारी, ३१ ला, दुपारपर्यंत पोहोचते. सोबत पाच वर्षांची मुलगी. उरलेली वाडी त्याच दिवशी परत येते.

मी केंद्र मागत नाही. कार्यक्रम, खुर्च्या, चहा, काही नको. एक खोली, तिचे दार, भोंगा आणि बाहेरची पाटी दिवाळीपर्यंत संस्थेच्या नावाने राहू द्या आणि तसे ठाण्याला व ग्रामपंचायतीला लेखी कळवा. मी पगाराशिवाय थांबेन. लांज्याच्या जागेबद्दल माझे उत्तर यावर अवलंबून आहे.

रविवारी चावी घ्यायला जो येईल, त्याला ती द्यायची की नाही, हे मला आधी कळले पाहिजे. तुमचे उत्तर, हो किंवा नाही, उद्या शनिवार, ३० मे, संध्याकाळी पाचपर्यंत लेखी पाठवावे. मी चारपासून सड्यावर रेंजमध्ये असेन.

सुप्रिया