उम्माच्या रांगेतला आठवा

९ नोव्हेंबर १९५९, सोमवार. शिरोडा

दोन माणसांचा स्वयंपाक म्हणून मला तारकर्लीहून इथे आणलं, आणि घरात माणसं निघाली दोनशे चौदा. ह्याला आमच्यात फसवणूक म्हणतात. त्यातली दोनशे बारा जेवत नाहीत हे कळलं तेव्हा गप्प बसले. ती शिशाची आहेत, करंगळीएवढी, आणि पुसायची मलाच आहेत.

आता रामराम. मी हौसाबाई. गुणाजी तांडेलाची बायको. तो होडीसकट गेला त्याला अकरा वर्षं झाली. मुलगा सहदेव आता बापाच्या जागी होडीचा तांडेल आहे. सून सरला वाईट नाही, पण तिला तोंड आहे, मलाही आहे, आणि चूल एकच. म्हणून मी इथे.

घर बरं आहे. मागे माड, पुढे दर्या, विहिरीचं पाणी गोड. मालकांचं नाव हरिश्चंद्र, पण सगळे भाई म्हणतात. तीस वर्षं बसऱ्याच्या बंदरावर कारकून होते. बायको गेली, मूलबाळ नाही. मासळीवाल्या गाबतिणीच्या हातचं भाई खातात म्हणून त्यांच्या चुलत भावजया नाकं मुरडून गेल्या. भाई म्हणाले, माझं सोवळं येताना आगबोटीतून पडलं, आता बुडी कोण मारणार? मला हा माणूस आवडला. बांगड्याचं तिखलं केलं, दोनदा भात घेतला.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हणून ही वही. ह्या शिशाच्या माणसांचा रोज लढाईचा डाव होतो तो मी लिहायचा, उरलेल्या जागेत काय हवं ते लिहायचं. मोठ्या माणसांच्या वर्गात दोन हिवाळे अक्षरं गिरवली होती ती कामाला आली. बाई म्हणायच्या, लिहिताना पुस्तकासारखं लिहा. प्रयत्न करते.

१० नोव्हेंबर, मंगळवार

माजघरात लग्नाच्या पंगतीला पुरेल एवढं मेज. त्यावर वाळू पसरलेली, मधून निळी पट्टी. तो पाट. पाटाच्या अलीकडे लगश, पलीकडे उम्मा. सुमेर देशातली चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीची दोन गावं, बसऱ्याच्या वरच्या अंगाला. लढाई कशावरून, तर पाटाचं पाणी आणि हद्दीचं शेत. मी म्हटलं, हे बघायला बसऱ्याला कशाला गेलात, आमच्या वाडीत आला असतात तर फुकट दाखवलं असतं.

सैनिक तुळतुळीत डोक्याचे, कमरेला लोकरीचे झुपके, पुढे दाराएवढी ढाल. खांद्याला खांदा लावून रांगेत उभे. गाड्यांना चार भरीव चाकं, ओढायला गाढवं. गाडी सरळ धावते, वळत म्हणून नाही. सुनेची आठवण झाली.

काठीने मोजून रांग पुढे सरकवायची, रांगेला रांग भिडली की फासे टाकायचे. रांगेत फट नसेल तर फाशावर एक जास्त. पडला तो देवाच्या जाळ्यात. लगशचा देव वीतभर उंच आहे, हातात जाळं. भाईंनी पुस्तकात जुन्या दगडाचं चित्र दाखवलं. खरंच, देवाच्या मुठीत जाळं आणि आत माणसं, पेडवे मासे कोंबतात तशी कोंबलेली. इथल्या देवाच्या हातात मच्छरदाणीचा तुकडा होता. मला बघवेना. दुपारी बसून सुताचं नीट जाळं विणून दिलं.

उम्माची बाजू माझी. ती नेहमी हरते म्हणून कोणी घेत नाही. चार वाजता डाव सुरू होतो. आधी हजेरी. भाई विचारतात, उम्मा, पहिल्या रांगेतला पहिला? मी ओ द्यायची, "आसंय!" मग दुसरा. हे मला नवीन नाही. आमच्याकडे होडी लोटण्याआधी तांडेल एकेकाचं नाव घेतो, आणि सगळ्यांची ओ आल्याशिवाय होडीला पाणी लागत नाही.

हरले. एकोणीस माणसं जाळ्यात.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

जिंकले! किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढतात तशी रांगेची दोन्ही टोकं पुढे काढली आणि लगशला मधे घेतलं. गाड्या सरळ आत आल्या आणि राहिल्या. भाई पोट धरून हसले. मग म्हणाले की दगडावर असं लिहिलेलं नाही हो हौसाबाई, दगडावर उम्मा हरते. मी म्हटलं, दगड कोरणाऱ्याला जेवण लगशने घातलं असेल.

उम्माची मागची रांग मोडकी आहे, ती भाई नवीन ओतणार. मालवणच्या लवू भंगारवाल्याकडून जुन्या जाळ्यांच्या शिशाचे मणी मागवलेत.

१५ नोव्हेंबर, रविवार

शिसं आलं. पळीत वितळवून साच्यात ओतलं. वितळताना खाऱ्या पाण्याचा वास आला, भर उन्हात ओहोटीच्या चिखलाचा यावा तसा. सात झाले आणि शिसं संपलं.

सातांची रांग मला बघवत नाही. पडलेल्या दातासारखी दिसते. मी म्हटलं, आमच्या होडीत आठ असत. भाई म्हणाले, आठवा कुठून आणू? मी चेष्टेने म्हटलं, "येतलो मागसून."

बोलायला नको होतं.

१६ नोव्हेंबर, सोमवार

डबा घासताना तळाला एक मणी चिकटलेला सापडला. त्यावर तीन खाचा, मधली लांब.

त्या खाचा गुणाजीच्या. शिसं दोरीवर दाबलं की तो प्रत्येक मण्यावर कोयतीने तीन खाचा मारायचा, कोणी जाळं चोरलं तर ओळखावं म्हणून. ते जाळं त्याच्याबरोबर गेलं. होडीचं फळकूटही मिळालं नाही.

लवू पैसे न्यायला आला होता. माणूस बोलका आहे, भाईंना विचारायला लावलं. रेडीला खनिजाच्या बोटीने नांगर उचलला तेव्हा हे जाळं वर आलं म्हणाला. चांगलं शिसं होतं, तुमका कित्या व्हया तेचो इतिहास?

दोनदा आंघोळ केली. हाताचा वास जात नाही.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

नवीन रांगेत आठ आहेत. आठवा कोणी ओतला नाही, आणि कालचा मणी डब्यात नाही.

भाईंना वाटलं मी गंमत केली. त्यांना धड दिसत नाही, मी हातात दिला तेव्हा बोटांनी चाचपून म्हणाले, ओतीव छान आहे, पण डावा खांदा उतरलेला का?

सहदेव नऊ वर्षांचा असताना माडावरून पडला. डावा खांदा उतरला तो तसाच राहिला.

चारला हजेरी. आठवा, म्हणून भाईंनी विचारलं. मी ओ दिली नाही. शेवटी त्यांनीच काहीतरी बोलून डाव सुरू केला. मी मुद्दाम आठव्याला मागे ठेवला. फासे माझ्या बाजूने पडत नव्हते, तरी ठेवला.

१८ नोव्हेंबर, बुधवार

भाईंना म्हटलं, तो आठवा वितळवा. कारण विचारू नका. बिचाऱ्यांनी विचारलं नाही. पळीत घालून चुलीवर ठेवला. तासभर जाळ घातला, पळीचा दांडा लाल झाला. सैनिक होता तसाच. पळीत मात्र पाणी साचत होतं. बोट बुडवून चाखलं. खारट, आणि थंड. चुलीवर थंड.

पळी परसात उलटी केली. संध्याकाळी बघितलं तर मेजावर आठ.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

झोप नाही की भूक नाही. घरभर फिरते. बसले की पाय हलतात, उभी राहिले की बसावंसं वाटतं. भाई म्हणाले, हौसाबाई, तुम्ही पायांनीच रांग सरकवता आहात. हसू आलं नाही.

लिहून टाकते. अकरा वर्षांत कोणाला सांगितलं नाही.

त्या पहाटे सहदेवला ताप होता. सतरा वर्षांचं पोर, अंग भाजत होतं. गुणाजीला ताप वगैरे समजत नसे. ओ आली नाही तर घरी येऊन बखोट धरून नेला असता. मी त्याला गोधडीत लपवला आणि एकटी किनाऱ्यावर गेले. धुकं दाट, माणूस माणसाला दिसत नव्हतं. गुणाजीने नावं घेतली. सात ओ आल्या, सातवी त्याची स्वतःची. मग हाक आली, सहदेव. मी आवाज जाड केला आणि म्हटलं, "आसंय."

होडी लोटली. पाण्यात गेल्यावर त्याला कळलंच असेल. पण लोटलेली होडी परत फिरवत नाहीत.

दर्याला आठ सांगितले, सात दिले.

२१ नोव्हेंबर, शनिवार

भाई सकाळच्या गाडीने डोळे दाखवायला वेंगुर्ल्याला गेले. मंगळवारी संध्याकाळी येतील. मेजाला हात लावू नका म्हणाले. त्यांना काय सांगू.

चार वाजता मी मागच्या पडवीत नारळ किसत होते. लख्ख ऊन. माजघरात कोणी नाही, दाराला मीच कडी लावलेली.

आतून हजेरी सुरू झाली. भाईंचा आवाज नव्हे.

भिकाजी. "आसंय." तुकाराम. "आसंय." दाजी. "आसंय." सगळे, होडीत बसायचे त्याच क्रमाने. ओल्या आवाजात, तोंडात पाणी धरून बोलावं तसे. सात झाले.

मग, सहदेव.

मग काही नाही. आतले वाट बघत होते. किती वेळ ते सांगता येत नाही, खोबऱ्यावर माशा बसल्या तेवढा.

आवाज माझ्या नवऱ्याचा. मी ओळखणार नाही?

२२ नोव्हेंबर, रविवार

चारला पुन्हा. आज दोनदा हाक. थांबून, दोनदा.

नंतर कडी काढून आत गेले. वाळू ओली. सातजण पाटाच्या काठाशी, ढाली खाली ठेवलेल्या, तोंडं दाराकडे. माझ्याकडे. आठवा पाटात. गुडघ्यापर्यंत.

मी विणलेलं जाळं देवाच्या हातात नाही. सातांच्या हातात आहे—

२३ नोव्हेंबर, सोमवार

सरलाचं पत्र. शनिवारी सकाळी लिहिलेलं. ती लिहिते, आये, भांडण राहू दे, तू ये. मंगळवारपासून हे रोज चार वाजता काम टाकून पाण्यात जाऊन उभे राहतात. आधी पाऊल बुडेल एवढ्यात, काल पोटरीभर. विचारलं तर म्हणतात, "बाबा हाक मारतत. ओ नाय दिलंय तर रागावतले." मी त्यांच्या तोंडावर हात दाबून मागे ओढते. पण माझ्या हातात जोर किती. पुढच्या वेळी ओ देणार म्हणतात.

आज चारला तीनदा बोलावलं. ओ आली नाही. सरलाने धरला असेल. शहाणी पोर ती. तिच्याबद्दल वर लिहिलं ते खोडायला हवं.

आठवा कमरेपर्यंत.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळची गाडी. बाबली कंडक्टरकडे सरलाला चिठ्ठी दिली, त्याला खांबाला बांध, तोंडात फडकं घाल. बाबलीने वाचली आणि हसला. म्हटलं, रांडेच्या, चारच्या आत पोचली नाही तर तुझे दात मी मोजीन. गेला धावत.

मी गेले नाही. हाक इथून निघते. कडी इथेच घालायला हवी.

मेजापाशी बसलेय. आठवा छातीपर्यंत. ओढून काढायला बघितला, निघत नाही. हाताला गरम लागतो. ताप असल्यासारखा.

चारला दहा कमी. पाय हलत नाहीत आता. बरं झालं.

सुरू झालं—

भिकाजी. तुकाराम. दाजी—

वाळूत पाणी चढतंय. वही भिजते आहे. अक्षर बघू नका—

सात झाले.

सहदेव. एकदा.

ऐका. ही वही ज्याच्या हातात पडेल त्याने तारकर्लीला नेऊन वाचून दाखवायची. त्या पहाटे होडीवर आठवा सहदेव नव्हताच. ज्याची ओ तो आठवा. ओ माझी होती, म्हणजे जागा माझी—

दोनदा.

सहदेवा, जीभ चाव पण बोलू नको. सरला, सोडू नको त्याला. भाई, तुम्ही दारात असाल तर तिथेच थांबा, गप्प. कोणी ओ द्यायची नाही. कोणीही. एवढं लिहून होऊ दे, तिसरी हाक आली की ओ मी द्यायची, मी एकटीने—