आप्पांचा डॉलर कुणी घासला

॥ श्री ॥
कराड, १२ नोव्हेंबर २०१४

चि. शैलेंद्र यास ताईचे आशीर्वाद. तेवढे बिनशर्त आहेत, पुढचं सगळं रागातलं आहे.

फोनवर मी तापले की तुझी मीटिंग निघते. कागदाला मीटिंग नसते, म्हणून लिहिते.

आप्पा जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचा चांदीचा डॉलर, ते इंग्रजांच्या वेळचं नाणं, माझ्या मीनलला लग्नात द्यायचा ठरला होता. सिंगापुरात या नाण्यांचे जाणकार आहेत, आधी प्रत ठरवून घेऊ असं तूच म्हणालास, म्हणून गणपतीत आलास तेव्हा विश्वासाने सोपवला. आणि आता कळवतोस की सत्तरपैकी गुणच दिले नाहीत, नुसता 'घासलेले नाणे' असा शेरा मारला! अरे, पहिल्या पगारात चोरबाजारातून घेतल्यापासून आप्पांनी त्याला साधं फडकं लावलं नाही. आल्यागेल्याला डबी उघडून दाखवायचे आणि सांगायचे, याला कुणाचा हात लागलेला नाही.

लक्ष्मीपूजनाचा फोटो तुम्हीच पाठवलात. ताटात डॉलर कसा लखलखतोय बघ. तुझ्या बायकोने, नीताने, दिवाळीची भांडी काढली असणार, चिंच घेऊन बसली असणार आणि चोळला असणार तोही. काळा दिसला की मळकाच, एवढीच अक्कल! वर चकार शब्द नाही. म्हणे लॅबमध्ये काम करते. आप्पांची तेवढी एक वस्तू माझ्याकडे होती रे.

तिला सांग, फेब्रुवारीत मीनलच्या लग्नाला तिची गरज नाही. तू ये, मामा म्हणून उभा राहा आणि जा.

लोभ होता. किती उरलाय ते बघावं लागेल.
स्मिताताई


तोआ पायोह, सिंगापूर
२३ नोव्हेंबर २०१४

ती. ताईस साष्टांग नमस्कार. पाया पडतो आणि मगच भांडतो.

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा नीताने हातातून ओढून घेतलं आणि स्वतः वाचलं, ते फार वाईट झालं.

मिस्टर ताय चाळीस वर्षं नाणी पारखायचंच काम करतात. त्यांनी भिंगाखाली सगळं दाखवलं. त्रिशूळ घेतलेल्या बाईची ढाल, पायाजवळच्या लाटा, त्रिशुळाच्या टोकातलं मुंबई टांकसाळीचं इवलंसं 'बी' अक्षर, सगळं खणखणीत. झीज जवळपास नाही. म्हणाले, बासष्ट गुण सहज होते. पण मोकळ्या जागेत बारीक ओरखडे आहेत, आणि घासलेल्या नाण्याला आकडा मिळत नाही. मलाही रडू आलं होतं, तुला फोनवर ऐकू आलं नसेल, कारण तू ओरडत होतीस.

नीता नाही म्हणते. माझ्यासाठी विषय संपला. तू विचारलंससुद्धा नाहीस, थेट फाशी दिलीस. लहानपणी माझी दौत सांडली तरी आधी मांजराची चौकशी व्हायची, माझ्या बायकोची तेवढीही नाही?

नीता येणार नसेल तर मीही येणार नाही. अंतरपाटाशी मीनलच्या मागे कुणाला उभं करायचं ते तू बघ. मामा भाड्याने मिळत असतील कराडात.

लोभ तुझ्याकडेच ठेव, माझ्याकडे सध्या राग पुरेसा आहे.
शैलेंद्र


तोआ पायोह, २६ नोव्हेंबर २०१४

ती. स्मिताताईंना नीताचा नमस्कार.

तुमच्या भावाने काय लिहिलं ते मी विचारलेलं नाही. तुमचं पत्र आल्यावर त्याने मला पहिला प्रश्न केला, की खरंच नाही ना घासलंस? त्या 'ना'चा राग अजून उतरलेला नाही, म्हणून त्याच्यावर न सोपवता स्वतः लिहिते.

डॉलर आला तसा पारदर्शक डबीत होता. पूजेला डबीसकट ठेवला. फोटोत चमकतंय ते डबीचं झाकण. इथे नोव्हेना भागातल्या लॅबमध्ये दिवसभर काचपट्ट्या कडेला धरून उचलणारी बाई मी, मला वस्तू कशी हाताळतात ते शिकवू नका.

तरी काल अर्धी रजा टाकून मिस्टर तायांकडे गेले. त्यांना स्पष्ट विचारलं, घासलं कधी? ते म्हणाले, ओरखडे खाली आहेत आणि काळपट थर वर आहे. म्हणजे आधी घासलं, मग काळं पडलं. असा थर चढायला निदान तीस-चाळीस वर्षं लागतात. ओरखडे गोल आणि अगदी छोटे आहेत, लहान बोटांनी चोळल्यासारखे. एका अक्षराच्या खाचेत काही कण दिसले. मी भिंगातून पाहिले. गुलाबी रांगोळी आहे ताई.

माझ्या घरात रांगोळी नाही. दाराला स्टिकर लावते, त्यावरून तुम्हीच नाक मुरडलं होतंत. आणि चाळीस वर्षांपूर्वी मी जन्मलेही नव्हते.

आमचा क्षितिज हल्ली आत्याचा फोन आला की 'स्केअरी ला', भीती वाटते, म्हणून आत पळतो. हे तुमच्या कानावर असावं.

लोभ मागत नाही. न्याय द्या.
नीता


॥ श्री ॥
कराड, ८ डिसेंबर २०१४

चि. सौ. नीता हिला आशीर्वाद, आणि हात जोडून नमस्कारही.

गुलाबी रांगोळी वाचलं आणि लहानपणीची एक दिवाळी आठवली.

मी नऊ वर्षांची होते. आईने लक्ष्मीपूजनाची भांडी घासायला दिली. पांढरी रांगोळी संपली, म्हणून दारातली गुलाबी घेतली, वर चिंच. आप्पांच्या डबीतला डॉलर काळा दिसला. वाटलं, संध्याकाळी खूश होतील. आप्पा आले, ताटातला डॉलर पाहिला आणि मागच्या दारी जाऊन बराच वेळ उभे राहिले. मग आत आले, छान चमकवलास म्हणाले आणि पूजेला बसले. कुणी रागावलंच नाही, म्हणून मी ते साफ विसरले गं.

मग जन्मभर ते लोकांना सांगत राहिले, याला कुणाचा हात लागलेला नाही. मी शेजारी उभी राहून मान डोलवायची. त्यांना ठाऊक होतं, आणि माझ्यासमोर सांगायचे!

मला त्यांचाही राग येतोय. तेव्हाच एक धपाटा घातला असता तर आज मी तुझ्यावर अशी तुटून पडले नसते. पण तो राग माझा मी बघीन. तुला जे लिहिलं ते माझ्या जिभेचं पाप, त्यात आप्पांचा वाटा नाही.

मीनलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मामी नसेल तर मी बोहल्यावर चढत नाही, आई. बरोबरच बोलली.

तेव्हा तिघंही या. डॉलर मीनलच्या हातात तू द्यायचास. माझ्या पत्रातला शब्द सगळ्या नातेवाइकांत पोचलाय, कारण पोचवणारी मीच. म्हणून तू डॉलर दिलास की भर मांडवात मी सांगणार, हा नऊ वर्षांच्या स्मिताने घासला आणि बावन्न वर्षांच्या स्मिताने आळ नीतावर घेतला. आप्पांनी झाकलेलं मी उघडं करणार आहे. मला अडवू नकोस.

लोभ मागायला तोंड नाही. आलीस तर समजेन.
तुझी,
स्मिता